इव्हेंट लूपमधलं घड्याळ आणि चाइल्ड प्रोसेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेटीवरचा भरती-ओहोटीचा बोर्ड, बर्फाच्या कारखान्यातला कंप्रेसर सांभाळणारा कंट्रोलर, रायपनिंग चेंबरचा लॉगर, लिलावाची यादी छापणारा पीसी. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत अशी कामं ज्या प्रोग्रामांवर चालतात, ते लिहिणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. इव्हेंट लूप म्हणजे टायमर, डेटा अशा घटनांची वाट बघत एकेक काम उरकणारी फेरी, आणि चाइल्ड प्रोसेस म्हणजे आपल्या प्रोग्रामनं सुरू केलेला दुसरा प्रोग्राम. उदाहरणं लिबयूव्ही या इव्हेंट लूपच्या लायब्ररीची आहेत. नोडच्या पोटात हीच लायब्ररी असल्यामुळे नोडवाल्यांनाही बहुतेक उत्तरं लागू पडतील. जिथे लिबइव्ह ही तशीच दुसरी लायब्ररी वेगळं वागते, तिथे तसं सांगितलं आहे.

एका मशीनला दोन घड्याळं कशाला?

एक घड्याळ "किती वाजले" ते सांगतं, दुसरं "किती वेळ गेला" ते. पहिलं म्हणजे रिअलटाइम घड्याळ. ते माणूस बदलू शकतो, एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणारी सेवा) बदलू शकतं, आणि ते मागेही जाऊ शकतं. दुसरं म्हणजे मोनोटॉनिक. ते कधीच मागे जात नाही, पण त्याच्या आकड्याला तारीख-वार काही नसतं. लिनक्सवर ते साधारण मशीन चालू झाल्यापासून मोजतं.

सगळा गोंधळ होतो तो पहिल्याचं काम दुसऱ्याला किंवा दुसऱ्याचं पहिल्याला दिल्यामुळे. बर्फाच्या कारखान्याचंच घ्या. कंप्रेसर बंद झाला की किमान ३ मिनिटं परत चालू करायचा नाही, असा नियम प्रोग्राममध्ये असतो. नाहीतर दाब उतरायच्या आत मोटर जोर लावते आणि तापते. आता "बंद केल्याची वेळ" रिअलटाइम घड्याळावर नोंदवली आणि तेवढ्यात एनटीपीनं घड्याळ दोन तास पुढे ढकललं, तर ३ मिनिटं तत्क्षणी "झाली" आणि कंप्रेसर लगेच चालू. उलट घड्याळ दोन तास मागे आलं, तर कंप्रेसर दोन तास गप्प आणि टाकीतलं ब्राइन (खारं पाणी) गरम होत बसलेलं. हेच मोनोटॉनिक घड्याळावर मोजलं, तर दोन्ही वेळा ३ मिनिटं म्हणजे ३ मिनिटंच.

टाइमआउट, रीट्राय, कंप्रेसरची विश्रांती, बटणाचा डिबाउन्स (एका दाबण्याचे अनेक ठोके एकच धरणं) हे सगळं मोनोटॉनिकवर. भरतीची वेळ, पावतीवरची तारीख, लॉगमधली नोंद हे रिअलटाइमवर.

मोनोटॉनिक वेळ फाइलमध्ये जपून ठेवली तर चालेल का?

नाही. मशीन रीबूट झालं की तो आकडा निरर्थक होतो. एका मशीनचा आकडा दुसऱ्या मशीनवर नेऊनही उपयोग नाही.

लाइट जाऊन आली की रास्पबेरी पाय जुनीच वेळ दाखवतो. लायब्ररीत बग आहे का?

बग नाही. पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. पाय ५ मध्ये ते आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. जुन्या बोर्डांवर फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचं पॅकेज वेळ अधूनमधून फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि बूट होताना तीच परत लावतं. म्हणजे लाइट पाच तास गेली, तर घड्याळ किमान पाच तास मागे. नेट आलं की एनटीपी ते दुरुस्त करतं, पण नेट येईपर्यंत काय? जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत वीज आणि मोबाइलचे टॉवर दोन्ही कित्येक दिवस बंद होते. अशा वेळी एनटीपीच्या भरवशावर राहता येत नाही.

उपाय स्वस्त आहे: डीएस३२३१ चिपचं आरटीसी (बॅटरीवर चालणारं घड्याळ) मॉड्यूल. ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात त्याची चूक २ पीपीएमच्या (दहा लाखांत दोन) आत राहते, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. जोडणी अशी: पिन १ वरून ३.३ व्होल्ट, पिन ३ ला एसडीए, पिन ५ ला एससीएल, पिन ६ ला ग्राउंड. ५ व्होल्ट देऊ नका. पायच्या पिना ५ व्होल्टचा सिग्नल सोसत नाहीत, आणि बाजारात मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवरचं चार्जिंग सर्किट ५ व्होल्टवर साध्या सीआर२०३२ सेललाही चार्ज करू पाहतं. मग कॉन्फिग फाइलमध्ये आय२सी-आरटीसीचा ओव्हरले डीएस३२३१ साठी लावा, फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाका, रीबूट करा. आय२सीडिटेक्ट चालवल्यावर ६८ च्या जागी "यूयू" दिसलं की ड्रायव्हर बसला. वेळ बरोबर असताना एचडब्ल्यूक्लॉक एकदा "लिही" पर्यायानं चालवा. किनाऱ्यावर आणखी एक काम करायचं: सेलची संपर्कपट्टी खाऱ्या हवेनं हिरवी पडते, ती पावसाळ्याआधी पुसून घ्यायची.

आणि वेळ पक्की नसेल तर बोर्डावर वेळ दाखवूच नका, रेघा दाखवा. खाडीच्या मुखावरची वाळू चुकवून होडी आत-बाहेर करणारा माणूस त्या आकड्यावर निघतो. कोऱ्या बोर्डापेक्षा चुकीचा बोर्ड वाईट.

संध्याकाळी ५:४५ च्या भरतीला भोंगा वाजवायचा आहे. सहा तासांचा टायमर लावून दिला तर?

लावू नका. लिबयूव्हीचे टायमर मोनोटॉनिक घड्याळावर चालतात. सकाळी ११:४५ ला घड्याळ वीस मिनिटं मागे असेल आणि दुपारी एनटीपीनं ते दुरुस्त केलं, तरी टायमरला त्याचा पत्ता लागणार नाही. भोंगा वीस मिनिटं उशिरा वाजेल.

बरोबर रीत अशी: "उरलेला वेळ किंवा ३० सेकंद, यातलं जे कमी" तेवढाच टायमर लावायचा. तो वाजला की रिअलटाइम घड्याळ बघायचं, वेळ झाली नसेल तर पुन्हा तेच. दर ३० सेकंदांनी एकदा जागं होण्याचा खर्च नगण्य आहे.

लिबइव्हमध्ये यासाठी पिरिऑडिक नावाचा वेगळा वॉचर आहे. घड्याळ उडी मारतं तेव्हा तो स्वतःच पुन्हा हिशेब करतो. फक्त लिनक्सपुरतं काम असेल, तर टाइमरएफडीला "घड्याळ बदललं तर रद्द कर" हा फ्लॅग देता येतो. मग घड्याळ बदलताच वाचनाला ईकॅन्सल्ड ही एरर मिळते.

एनटीपी वेळ हळूहळू दुरुस्त करतं ना? मग उडीची भीती कशाला?

फरक थोडा असेल तर हळूहळू. एनटीपी चालवणाऱ्या एनटीपीडी प्रोग्रामचा नेहमीचा उंबरठा १२८ मिलिसेकंदांचा आहे. त्याच्या आत ते घड्याळाची गती किंचित बदलतं, तीही जास्तीत जास्त ५०० पीपीएम. या गतीनं एक सेकंद भरून काढायला २,००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो. १२८ च्या वर गेलं की ते उडी मारतं. क्रोनी या तशाच दुसऱ्या प्रोग्रामच्या बऱ्याच ठिकाणच्या तयार कॉन्फिगमध्ये पहिल्या तीन अपडेटपर्यंत एक सेकंदाहून जास्त फरक उडी मारून काढायची परवानगी असते. म्हणजे उडीची वेळ नेमकी बूट झाल्या झाल्या, तुमचा प्रोग्राम चालू होऊन अर्धा मिनिट झालेला असतो तेव्हा.

दर मिनिटाला बदलणारा बोर्ड आठवडाभरात काही सेकंद मागे का पडतो?

तुम्ही ६०,००० मिलिसेकंदांचा रिपीट टायमर लावला आहे म्हणून. लिबयूव्ही पुढची फेरी मागच्या ठरलेल्या वेळेपासून मोजत नाही, लूपच्या आत्ताच्या वेळेपासून मोजते. दर फेरीला एक-दोन मिलिसेकंद उशीर झाला, तर तो साठत जातो. आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात, म्हणजे दहा ते वीस सेकंद गेलेच. रिपीट सोडून द्या. दरवेळी रिअलटाइम घड्याळ बघून पुढच्या मिनिटाला किती मिलिसेकंद उरले ते काढा आणि एकदाच वाजणारा टायमर लावा.

यूव्ही_नाऊ दोनदा विचारलं तरी तोच आकडा येतो.

येणारच. लूप प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला वेळ एकदा वाचून ठेवते आणि यूव्ही_नाऊ ती साठवलेली वेळ देतं. कॉलबॅकमध्ये (घटना घडल्यावर लूप बोलावते त्या फंक्शनमध्ये) ४०० मिलिसेकंदांचं काम करून मग १०० मिलिसेकंदांचा टायमर लावलात, तर तो लावतानाच शिळा झालेला असतो आणि लगेच वाजतो. जड कामानंतर टायमर लावायचा असेल तर आधी यूव्ही_अपडेट_टाइम बोलवा. कामाला किती वेळ लागला ते मोजायचं असेल तर यूव्ही_एचआरटाइम वापरा, ते नॅनोसेकंदांत ताजी वेळ देतं.

लॅपटॉप झोपवला की टायमर थांबतात का?

प्रणालीवर अवलंबून आहे. लिनक्सचं मोनोटॉनिक घड्याळ सस्पेंडचा वेळ धरत नाही. बूटटाइम नावाचं घड्याळ धरतं. मॅकवर मॅक_ॲब्सोल्यूट_टाइम झोपेत थांबतं, मॅक_कंटिन्युअस_टाइम चालू राहतं. विंडोजवर गेटटिककाउंट६४ झोपेचा वेळ धरतं. कुठल्याही एका वागणुकीवर विसंबू नका. जागं झाल्यावर रिअलटाइम बघा, वरच्या ३० सेकंदांच्या रीतीत ते आपोआप होतं.

विंडोजची वेळ युनिक्सच्या वेळेत कशी बदलायची?

विंडोज १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यांत मोजतं. सेकंद काढा आणि त्यातून ११,६४४,४७३,६०० वजा करा. फाइलटाइम दोन ३२-बिट भागांत मिळतो. ते दोन्ही आधी साइन नसलेल्या ६४-बिट संख्येत नीट जोडून घ्या, हिशेब नंतर. जोडताना हातचा चुकला तर वेळ अधूनमधून बरोबर ७ मिनिटं साडेनऊ सेकंदांची उडी मारते. असा आकडा दिसला की दुसरीकडे शोधत बसू नका.

पीसी महिना-दीड महिना चालू ठेवला की प्रोग्राम वेडावतो.

जुना गेटटिककाउंट शोधा. तो ३२ बिटांत मिलिसेकंद मोजतो आणि ४९ दिवस १७ तास २ मिनिटं ४७ सेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो. मासेमारीची बंदी १ जूनला सुरू होते. त्या मध्यरात्री चालू केलेला आणि ऑफिसात तसाच सोडलेला पीसी २० जुलैला संध्याकाळी ५ वाजून २ मिनिटांनी गोंधळ घालेल, बंदी उठायच्या आत. ६४-बिटवालं फंक्शन व्हिस्टापासून आहे.

भारतात डीएसटी (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं) नाही, मग सगळं स्थानिक वेळेतच ठेवलं तर?

आतमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवा, दाखवताना साडेपाच तास मिळवा. लीप सेकंद (मध्येच घातलेला जादा सेकंद) मात्र आपल्याकडे अर्धवट झोपेच्या वेळी येतो: शेवटचा १ जानेवारी २०१७ ला पहाटे ५:२९:५९ नंतर आला. ३२-बिट टाइम_टी (युनिक्सची वेळ साठवणारी संख्या) १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८:४४:०७ ला भरतो. पायवर अजून ३२-बिट प्रणाली असेल तर आत्ताच तपासा.

लूप असताना चाइल्ड प्रोसेस लागतेच कशाला?

जे काम दुसऱ्याच्या प्रोग्रामनं होतं त्यासाठी. जेटीवरच्या कॅमेऱ्यातून दर दहा मिनिटांनी एक फोटो एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रामनं काढणं, भरतीचं गणित पायथनच्या स्क्रिप्टनं करणं, पावती छापणं. सिस्टम नावाचं फंक्शन वापरू नका. ते काम होईपर्यंत अख्खी लूप थांबवतं, आणि तेवढा वेळ कंप्रेसरकडे कुणाचं लक्ष नसतं.

पीएस कमांडच्या यादीत "डिफंक्ट" नावाची रांग लागली आहे.

ती मेलेली, पण कुणी हिशेब न घेतलेली मुलं. चाइल्ड संपली तरी पालकानं वेटपीआयडी करून तिचा निकाल घेईपर्यंत कर्नल तिची नोंद ठेवतं. मिनिटाला एक या दरानं रोज १,४४० साठतात. पीआयडीची (प्रोसेसच्या क्रमांकाची) मर्यादा ३२,७६८ असेल, तर तेवीस दिवसांत नवी प्रोसेस जन्मतच नाही आणि फोर्क (नवी प्रोसेस काढणारा कॉल) ईअगेन एरर देतो. त्याआधी युजरची मर्यादा लागली तर आणखी लवकर. यूव्ही_स्पॉनमधून सुरू केलेल्या चाइल्डचा हिशेब लायब्ररी घेते. रांग दिसते तेव्हा बहुधा कुणीतरी मध्येच स्वतःचा फोर्क केलेला असतो.

तीन चाइल्ड संपल्या, सिगचाइल्ड (चाइल्ड संपल्याचा सिग्नल) एकदाच आला.

साधे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत. एक सिगचाइल्ड वाट बघत असताना आणखी दोन आले, तरी तो एकच राहतो. उधाणात दारावर तीनदा थाप पडली तरी आपण एकदाच दार उघडतो, तसं. पण उघडल्यावर बाहेर कोण कोण आहे ते सगळं बघायचं असतं. स्वतः लिहीत असाल, तर डब्ल्यूनोहँग (थांबून न राहण्याचा पर्याय) देऊन वेटपीआयडी फिरवत राहा, शून्य येईपर्यंत किंवा ईचाइल्ड (चाइल्डच उरली नाही) एरर येईपर्यंत. सिग्नल हँडलरमध्ये दुसरं काही करू नका: एका पाइपमध्ये एक बाइट लिहा आणि बाकीचं काम लूपमध्ये.

इथे लायब्ऱ्यांमध्ये फरक आहे. लिबइव्ह उणे १ देऊन कुठलीही चाइल्ड उचलते, त्यामुळे त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या कोडनं पीओपन केलं असेल तर त्याच्या पीक्लोजला ईचाइल्ड मिळतो. निकाल आधीच कुणीतरी नेलेला असतो. लिबयूव्ही आपल्याला माहीत असलेल्या पीआयडीच विचारते. एका प्रोसेसमध्ये दोन वेगळ्या लायब्ऱ्या असतील तर आमचा कल लिबयूव्हीच्या बाजूनं आहे.

सिगचाइल्ड दुर्लक्षित ठेवला तर कर्नल चाइल्डचा निकाल स्वतःच फेकून देतं. ही सवय एक्झेकनंतरही (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवल्यावरही) टिकते, म्हणून ज्या स्क्रिप्टनं तुमचा प्रोग्राम सुरू केला तिच्याकडूनही ती आलेली असू शकते. लिनक्स ५.३ पासून पीआयडीएफडी (प्रोसेसचा फाइलसारखा डिस्क्रिप्टर) आहे; चाइल्ड संपली की तो वाचण्याजोगा होतो आणि सिग्नलची भानगडच उरत नाही.

एफएफएमपेग रोज दुपारी अडकून बसतो.

त्याच्या एररच्या पाइपमधून कुणी वाचत नाही. लिनक्सवर पाइपमध्ये ६५,५३६ बाइट मावतात. एफएफएमपेग एररवर सतत बडबड करतो, पाइप भरला की त्याचं लिहिणं थांबतं आणि तोही थांबतो. एक तर वाचा, नाहीतर ते स्टँडर्ड एरर "इग्नोअर" करा. स्टँडर्ड इनपुटही इग्नोअर करा, कारण एफएफएमपेग कीबोर्डकडेही कान देऊन असतो.

चाइल्ड संपल्याचा कॉलबॅक आला, पण आउटपुट अर्धवटच आहे.

संपणं आणि पाइप रिकामा होणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांचा क्रम ठरलेला नाही. एक मोजणी ठेवा: निकाल आला, आउटपुटचा शेवट आला, एररचा शेवट आला. तिन्ही झाले की काम पूर्ण. नोडमध्ये एक्झिटऐवजी क्लोज ऐका.

शेवट येतच नसेल तर चाइल्डनं पुढे काढलेलं एखादं नातवंड तोच पाइप धरून बसलं आहे. तुमच्या प्रोग्राममधल्या बाकीच्या फाइल आणि सॉकेट ओ_क्लोएक्झेक लावून उघडा, म्हणजे ते एक्झेकमधून खाली झिरपत नाहीत.

यादीत "बांगडा" मध्येच तुटून चौकोन येतो.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं. "बांगडा" म्हणजे ब, काना, अनुस्वार, ग, ड, काना: ६ चिन्हं, १८ बाइट. वाचनाचा तुकडा ६५,५३६ बाइटांचा असला तर त्याला ३ नं पूर्ण भाग जात नाही, १ बाइट उरतो, आणि तिथेच अक्षर कापलं जातं. तुकडे बाइट म्हणून जमवा, ओळ पूर्ण झाली की मगच अक्षरांत बदला. विंडोजवर पायथनची चाइल्ड पाइपमध्ये लिहिताना स्थानिक कोडपेज धरते आणि देवनागरीवर अडखळते. तिच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पायथनयूटीएफ८ ला १ द्या.

आउटपुट उशिरा, एकदम गठ्ठ्यानं येतं.

समोर टर्मिनल नसेल तर सी लायब्ररी ओळीओळीनं न लिहिता बफर भरल्यावर लिहिते. स्टडबफ वापरून ओळीचं बफरिंग लावा. पायथनला "-यू" द्या.

वेळ संपली की चाइल्डला मारतो, तरी तिची पिलावळ मागे राहते.

सिग्नल एकाच पीआयडीला गेला. सुरू करतानाच डिटॅच्डचा फ्लॅग द्या, म्हणजे तिचा वेगळा गट होतो. मग पीआयडीला उणे चिन्ह लावून सिगटर्म (आवरून बंद हो) पाठवा, ५ सेकंदांचा टायमर लावा, तेवढ्यात निकाल आला नाही तर सिगकिल (सक्तीनं बंद). पाठवण्याआधी पीआयडी १ पेक्षा मोठा आहे का ते तपासा. शून्य गेला तर तुमचाच गट मरतो, उणे १ गेला तर हाताला लागेल ते सगळं. निकाल येऊन गेल्यावर जुना पीआयडी वापरायचा नाही. तो आकडा दुसऱ्या कुणाला मिळालेला असू शकतो.

हाताने चालतं, सर्व्हिस म्हणून लावलं की ईनोएंट ("अशी फाइल नाही") येतो.

सर्व्हिसचा पाथ तुमच्या शेलपेक्षा तोकडा असतो. प्रोग्रामचा पूर्ण पत्ता द्या. पत्ता बरोबर असूनही तीच एरर येत असेल तर चाइल्डला दिलेलं काम करायचं फोल्डर बघा, ते नसलं तरी ईनोएंटच येतो आणि माणूस चुकीच्या जागी शोधत राहतो. शेलमार्फत चालवलं तर १२७ म्हणजे प्रोग्राम सापडला नाही, १२६ म्हणजे सापडला पण चालवता येत नाही, १३७ म्हणजे सिगकिल. सिगकिल तुम्ही पाठवला नसेल तर कर्नलच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याची नोंद शोधा.

विंडोजवर काय वेगळं?

फोर्क नाही, सिग्नल नाहीत. यूव्ही_किलनं सिगटर्म दिला तरी चाइल्ड सरळ तोडली जाते, तिला आवरायला वेळ मिळत नाही. आवरणं गरजेचं असेल तर स्टँडर्ड इनपुटवर "बंद हो" असा एक शब्द पाठवायचा करार ठेवा. डिटॅच्ड नसलेल्या चाइल्ड जॉब ऑब्जेक्टमध्ये (विंडोजमधला प्रोसेसचा गट) असतात, त्यामुळे पालक मेला की त्याही जातात. नाव देऊन सुरू करताना लिबयूव्ही डॉट-कॉम आणि डॉट-ईएक्सई एवढंच शोधते, डॉट-सीएमडी फाइल तिला सापडत नाही.

कंटेनरमध्ये डिफंक्ट वाढतात.

तुमचा प्रोग्राम तिथे पीआयडी १ आहे आणि अनाथ झालेल्या प्रोसेस त्याच्याच गळ्यात पडतात. डॉकरला "इनिट" पर्याय देऊन सुरू करा.

लूप चालू असताना स्वतः फोर्क करून चाइल्डमध्ये तीच लूप चालवली तर?

ईपोलचा (लूप ज्यातून घटना बघते त्या लिनक्सच्या सोयीचा) डिस्क्रिप्टर दोघांत सामाईक राहतो. चाइल्डनं त्यातून एखादं सॉकेट काढलं की पालकाचंही निघतं. लिबइव्हमध्ये चाइल्डमध्ये पोचताच लूप_फोर्क बोलवा. लिबयूव्हीमध्ये यूव्ही_लूप_फोर्क आहे, पण त्याच्या वाटेला जाण्यापेक्षा यूव्ही_स्पॉननं स्वतःचाच प्रोग्राम वेगळा अर्ग्युमेंट देऊन पुन्हा सुरू करा. विंडोजवरही तोच कोड चालतो.